‘जुन्या स्टाइलचं’ म्हणजे नेमकं कुठलं?

डिझाइनची ऑर्डर देण्याआधी वाचावं असं थोडंसं

हळदीचं पाकीट असो, बेदाण्याचा बॉक्स असो की लग्नपत्रिका, आमच्या सांगलीच्या छपाईच्या काउंटरवर मागणी दोनच प्रकारची येते. ‘जरा मॉडर्न करा’ नाहीतर ‘जुन्या स्टाइलचं पाहिजे’. जुनं म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचं की ऐंशी-नव्वदच्या दशकातलं? दोन्हींची अक्षरं, रंग, चौकटी सगळं वेगळं. हे आधी ठरलं तर तुमच्या चार चकरा वाचतील.

छपाईचं साधन बदललं की डिझाइनचा चेहरा बदलतो, हे आपल्याच भागात दिसतं. मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ साली भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं उलटी कोरून. पुढं खिळ्यांचा, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांचा जमाना आला. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्या सुबक देवनागरी टाइपाचं नाव झालं. खिळे जुळवायचे म्हणजे अक्षर वाकवता येत नाही, ताणता येत नाही. सजावट हवी तर वेलबुट्टीचे खिळे ओळीनं लावायचे, चित्र हवं तर ब्लॉकचा, म्हणजे चित्राच्या ठशाचा वेगळा खर्च. मधोमध मजकूर, चारी बाजूंनी नक्षी, वर छोटा गणपती ही पत्रिकेची ठेवण ट्रेडल मशीनला (खिळ्यांवरून छापणाऱ्या छोट्या यंत्राला) सोयीची होती. मशीन भंगारात गेलं, ठेवण राहिली.

बहुतेकांच्या मनातलं ‘जुनं’ मात्र हे नसतं, ते असतं शिळाछापाचं. दगडावर थेट चित्र काढून छापायची ही रीत जर्मनीत सेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधली. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा, पण अक्षर हवं तसं वळवता यायचं. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत १८९४ साली सुरू झाला आणि देवादिकांची रंगीत चित्रं घरोघरी गेली. लंबगोल चौकट, कमळं, सावली दिलेली अक्षरं हवी असतील तर ‘रविवर्मा पद्धतीचं’ एवढंच सांगा, आम्ही समजतो.

किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या वसाहतीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, हे इथं मुद्दाम सांगावंसं वाटतं. तिकडं युरोपात १९१९ साली जर्मनीतल्या वायमारला बाउहाउस ही डिझाइनची शाळा सुरू झाली होती. नक्षीला तिथं फारसा थारा नव्हता. स्वित्झर्लंडमध्ये १९५७ साली हेल्वेटिका हा टाइप आला. आजचं ‘मॉडर्न’ बरंचसं तिथलंच: मोकळी जागा, डावीकडून सुरू होणाऱ्या ओळी, एकदोन रंग. पण इंग्रजी नमुना मराठीत जसाच्या तसा उतरत नाही. आपल्याकडं कॅपिटल अक्षरं नाहीत, शिवाय वर वेलांट्या आणि खाली उकार. ओळींत जास्त अंतर लागतं. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी हातानं काढलेली नावं आठवा. सांगलीसारख्या नाट्यपंढरीतल्या माणसांना वेगळं सांगायला नको.

नंतर कॉम्प्युटर आला. आपल्याकडं डिझाइनसाठी कोरलड्रॉ आणि मराठी अक्षरांसाठी श्रीलिपी ही सॉफ्टवेअर. अक्षर ताणणं, फुगवणं, सोनेरी करणं एका क्लिकचं काम झालं आणि ते सगळं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एकदमच अवतरलं! (फ्लेक्स आम्हीही करतो, पण डझनभर चेहऱ्यांत मूळ माणूस सापडावा एवढी आमची अट.) २०१२-१३ नंतर मोबाइलच्या स्क्रीनवरून सावल्या आणि चकाकी हटली, सपाट रंग आले. आता पाकिटंही त्याच वाटेनं चालली आहेत.

हळदीच्या पाकिटाबद्दल एक सल्ला. पिवळ्यावर लाल अक्षरं जुनाट वाटली तरी लगेच मोडीत काढू नका. छापताना तो लाल रंग पिवळ्यावर मॅजेंटा (गडद गुलाबी शाई) चढवून होतो. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी, पण इथं अक्षर एकाच प्लेटवर असतं, म्हणून प्लेट जराशी सरकली तरी कड फाटत नाही. चार रंगांच्या गडद तपकिरीवर बारीक पांढरी अक्षरं ठेवली, तर तेवढ्याच सरकण्यानं वजन, तारीख, लायसन्स नंबर काहीच वाचता येत नाही.

येताना लोगोची मूळ सीडीआर (कोरलड्रॉची) किंवा पीडीएफ फाइल आणा. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेला फोटो मोठा केला की फुटतो. फाइल नसेल तर जुनं पाकीटच आणा, त्यावरून लोगो नव्यानं काढून देतो, त्याचे पैसे वेगळे. रंग मोबाइलवर ठरवू नका, स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा शाईत तसा उतरत नाही. कागदावरचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) दिवसाउजेडी बघा, नावं आणि नंबर घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या आणि मगच सही करा. सही झाली की प्लेट बनते, त्यानंतरच्या दुरुस्तीला नव्या प्लेटचा खर्च पडतो.