रोजनिशी वेगळी, बचावलेल्याचं आत्मकथन वेगळं

नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीची रोजनिशी ‘नरसंहारातून बचावलेल्यांचं साहित्य’ म्हणून सर्रास मांडली जाते. पण ॲन बचावली नाही. 1945च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सन छावणीत तिचा मृत्यू झाला. ॲमस्टरडॅममध्ये लपलेल्या आठ जणांपैकी एकटे तिचे वडील ओटो परतले. 27 जानेवारी 1945 रोजी सोव्हिएत सैन्य पोलंडमधल्या ऑश्विट्झ या नाझी छावण्यांच्या संकुलात पोचलं, तेव्हा ओटो तिथल्या मुख्य छावणीत होते. तिथून काही किलोमीटरवर, मोनोवित्झ छावणीच्या आजारी बराकीत, प्रिमो लेवी हा तरुण इटालियन रसायनतज्ज्ञ पडून होता. 1947 साली ओटोंनी मुलीची रोजनिशी छापून आणली आणि त्याच वर्षी लेवींचं ‘हा माणूस आहे का’ या अर्थाच्या शीर्षकाचं आत्मकथन निघालं.

रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचं काही ठाऊक नसतं. ॲनची शेवटची नोंद 1 ऑगस्ट 1944ची आहे आणि 4 तारखेला तिला अटक झाली. छावणीतलं जगणं त्या पानांत शोधू नये. तिथवर ती पोचायच्या आधीच वही तिच्या हातून सुटली होती. लेवींना मात्र शेवट माहीत आहे. आपल्याला 1944 सालीच ऑश्विट्झला नेलं हे आपलं नशीब, असं ते प्रस्तावनेच्या आरंभीच म्हणतात, कारण तोवर मजूर कमी पडू लागल्याने कैद्यांना थोडं जास्त दिवस जगवायचं जर्मनांनी ठरवलं होतं. असं वाक्य फक्त मागे वळून बघणाराच लिहू शकतो.

आत्मकथनाचा भार आठवणीवर असतो, आणि लेवी तो लपवत नाहीत. सूपचं भांडं आणायला जाताना ते सोबत्याला दान्ते या इटालियन कवीच्या ओळी म्हणून दाखवतात. मधल्या ओळी आठवत नाहीत, तिथे खळगे तसेच ठेवतात. मला हे प्रकरण सगळ्या पुस्तकात सर्वांत विश्वासार्ह वाटतं.

गफलत होते ती रोजनिशी म्हणजे त्या-त्या दिवशीचं कच्चं लिखाण असं धरून चालल्यामुळे. मार्च 1944 मध्ये लंडनहून डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवण्याचं आवाहन रेडिओवर केलं. ते ऐकून ॲनने मे महिन्यात सुट्या कागदांवर सगळं नव्याने लिहायला घेतलं. अशी दोनशेहून अधिक पानं तिने लिहिली आणि तरीही ती मार्च 1944च्या अखेरच्या नोंदीपर्यंतच पोचली. त्यात डिसेंबर 1942 ते डिसेंबर 1943 या काळातल्या मूळ वह्या हरवल्या आहेत. म्हणजे 1943ची पानं आपण वाचतो ती जवळपास पंधरा वर्षांच्या लेखिकेने पुन्हा घडवलेली आहेत. ओटोंनी छापलेली आवृत्ती दोन्ही मसुद्यांतून निवडून केलेली. नरसंहार नाकारणारे याच भेदाचा ‘बनावट’ म्हणून गैरवापर करतात. मसुदे माहीत असले की तो आरोप टिकत नाही.

लेवींचंही पुस्तक एकाच रूपात राहिलं नाही. 1958च्या आवृत्तीत त्यांनी भर घातली. छावणीतही अंग धुण्याचा आग्रह धरणाऱ्या कैद्याचं प्रकरण तेव्हाचं. म्हणून संदर्भ देताना ॲनचा मसुदा कोणता आणि लेवींची आवृत्ती कोणती, हे लिहावंच. इंग्रजी प्रती घेताना आणखी एक काळजी घ्या: ‘इफ धिस इज अ मॅन’ आणि अमेरिकेतलं ‘सर्व्हायव्हल इन ऑश्विट्झ’ हे एकच पुस्तक आहे, आणि लेवींचंच पुढचं पुस्तक ‘द ट्रूस’ व ‘द रीअवेकनिंग’ हेही एकच.