आडनावाचा माग: लग्न-मृत्यूच्या जुन्या बातम्यांची पार्श्वभूमी

लग्न नि मृत्यूची वर्दी वर्तमानपत्रात देण्याची रीत मुंबईत रुजली ती इंग्रजांमुळे. १८३८ साली निघालेल्या ‘बॉम्बे टाइम्स’मध्ये साहेबांच्या घरच्या वर्द्या छापून येत. मराठी घरांचं त्यावाचून अडत नव्हतं. लग्नाचं बोलावणं अक्षतांसोबत दारोदार जाई. मृत्यूची खबर माणूस घेऊन जाई, पुढे टपाल. अशुभ वार्तेच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि वाचून झालं की ते कार्ड घरात ठेवत नसत. आज वंशावळ लावणाऱ्याला जो कागद हवा असतो, तोच असा घरोघरी नाहीसा झाला.

सरकारी दप्तराचा आधारही अपुरा. १८८६च्या कायद्यानं जन्म-मृत्यूची नोंद ऐच्छिक ठेवली होती. देशभर ती सक्तीची झाली १९६९च्या कायद्यानं. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३मध्ये घराघरांत पोचलेली कोतवाल बुकं, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, पुष्कळशी मोडी लिपीत आहेत, आणि त्यांत अनेकदा नाव, बापाचं नाव, जात एवढंच सापडतं. आडनाव नाहीच.

मुळात आडनाव तरी कुठे स्थिर होतं? जोतीराव फुल्यांचं घराणं कटगुणचे गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून ते फुले झाले. बाबासाहेबांचं घराणं सकपाळ, गाव आंबडवे, त्यावरून आंबडवेकर, पुढे आंबेडकर. एकाच आडनावाला चिकटून शोधणारा अशा वळणावर वाट चुकतो. माझ्या मते म्हणूनच दुखवट्याच्या चार ओळींत आडनावापेक्षा मूळ गावाला जास्त मोल आहे.

तारखेचंही तसंच. ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९) किंवा ‘केसरी’ (१८८१) यांच्या फायली चाळताना तिथी नि शक यांचा हिशेब यावा लागतो. शके १८३३, श्रावण वद्य पंचमी असेल तर शकात ७८ मिळवून १९११ साल येतं. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे. घरात श्राद्धाची तिथी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली असते, साल मात्र कुणाला आठवत नाही. ती तिथी नि छापील बातमी जुळली की साल हाती लागतं.

बायकांच्या बाबतीत मात्र या बातम्या फार कंजूष, आणि त्याचं वाईट वाटतं. ‘पश्चात पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित कन्या’ एवढ्यावर तीन पिढ्यांच्या बायका आटोपलेल्या असतात. कन्येचं नाव नसलं तरी कधी जावयाचं असतं. मग शोध व्याह्यांच्या आडनावाखाली न्यायचा. ‘माहेरच्या अमुक’ असा उल्लेख मिळाला तर तो आधी उतरवून घ्यावा. ठाणे (१८९३) आणि मुंबई (१८९८) इथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयांसारख्या जुन्या संस्थांत चौकशी करायला जाताना ही सगळी आडनावं, गावं नि तिथ्या एकाच कागदावर लिहून न्याव्यात.