सहा आठवडे बेडरेस्ट ते दोन दिवसांत डिस्चार्ज: हार्ट पेशंटच्या रिहॅब नर्सिंगची पार्श्वभूमी

अँजिओप्लास्टी (हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सिस्टर पेशंटला "काका, उठा, जरा चालू या" म्हणते (रिहॅब म्हणजे हेच, पेशंटला हळूहळू पुन्हा नेहमीच्या आयुष्याकडे आणणं) आणि घरचे घाबरतात, कारण हार्टच्या माणसाने पडून राहायचं हेच पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. एकेकाळी डॉक्टरही हेच सांगायचे. झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूवर पक्का व्रण धरायला साधारण सहा आठवडे लागतात असं 1930 च्या दशकात दिसलं, म्हणून तेवढे दिवस पलंगावरच, आणि अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं सगळं नर्सच्या हातून. त्यात पायात गुठळ्या व्हायच्या, न्यूमोनिया व्हायचा, माणूस मनाने खचायचा ते वेगळंच.

1952 मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी 81 पेशंटना लवकरच पलंगावरून उचलून खुर्चीत बसवल्याचा अनुभव छापला. विरोध खूप झाला, पण पेशंट बरे राहिले. मग 1955 ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला, त्यांचे डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू हालचालीला लावलं आणि पुढच्या वर्षी ते निवडणूकही जिंकले, त्यामुळे सामान्य लोकांची भीती जरा कमी झाली. 1968 मध्ये छापलेल्या, अमेरिकेतल्या डॅलसमधल्या प्रयोगात तर पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं आणि त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली. निरोगी पोरांचं हे, मग आजारी माणसाचं काय होत असेल!

नर्सचं काम खरं बदललं ते 1960 च्या दशकात. फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर यांनी कोरोनरी केअर युनिट (हार्ट अटॅकच्या पेशंटचा खास वॉर्ड) सुरू केलं तिथे मॉनिटरवरची हृदयाची बिघडलेली लय ओळखून, डॉक्टर यायच्या आधी विजेचा शॉक द्यायची मुभा नर्सना होती, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कारण त्या अधिकाराशिवाय पेशंटला बिनधास्त चालवायला कोण धजावलं असतं?

1967 ला क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी बायपासला, म्हणजे तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा देणाऱ्या छातीच्या ऑपरेशनला, वळण दिलं. त्यातून छातीचं हाड जपणं, खोकताना उशी छातीशी धरणं, स्पायरोमीटर या श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणातले बॉल उचलायला लावणं हे सगळं नर्सिंगमध्ये आलं. 1977 ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीची पहिली अँजिओप्लास्टी केली, पुढे स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आले, मांडीऐवजी मनगटातून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, जाऊ लागला. पेशंट दोन दिवसांत घरी. चांगलंच झालं, पण शिकवायचा वेळ गेला! जखम इवलीशी, दुखणं गेलेलं, म्हणून लोकांना वाटतं आजारच गेला, आणि मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मनाने बंद होतात, तंबाखू परत सुरू होते.

म्हणूनच रिहॅब घरापर्यंत न्यायचे प्रयत्न झाले. 1994 मध्ये स्टॅनफर्डच्या रॉबर्ट डीबस्क यांच्या 585 पेशंटच्या अभ्यासात नर्स मुख्यतः फोनवरून पाठपुरावा करायची, व्यायाम, सिगारेट, कोलेस्टेरॉल सगळ्याचा, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा निकाल सरस आला. आपल्याकडे 24 हॉस्पिटलांत झालेल्या योगा-केअर चाचणीत जवळपास 4 हजार पेशंट होते. योगावर आधारित रिहॅबने मृत्यू ठळकपणे कमी झाले असं दिसलं नाही, पण लोकांना स्वतःला बरं वाटलं आणि ते जुन्या कामांकडे जास्त परतले. फोन तर आता घरोघरी आहे, तो करायला एक वेगळी सिस्टर नेमली पाहिजे, डिस्चार्जच्या गडबडीत वॉर्डातल्या सिस्टरने पाच मिनिटांत सगळं सांगून भागत नाही.