समाजमाध्यमांवरील व्यवसाय (इंदूर)

व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, फेसबुक अशा माध्यमांतून गिऱ्हाईक मिळवणे, ऑर्डर घेणे आणि ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही टिकवणे, या साऱ्याला समाजमाध्यमांवरील व्यवसाय म्हणता येईल. इंदुरात सराफा आणि छप्पन दुकानच्या खाऊवाल्यांपासून रामबाग, लोकमान्य नगर भागांतल्या मराठी घरांत होणाऱ्या फराळ, पापड, भाजणी, पुरणपोळीपर्यंत ही पद्धत रुळली आहे. या नोंदीचा भर घरगुती उद्योगांवर आहे. ज्यांच्याकडे ना गाळा ना पाटी, त्यांचा फोन हेच दुकान.

होळकरांची राजधानी 1818 मध्ये महेश्वरहून इंदूरला आली आणि इथली मराठी वस्ती वाढत गेली. अशा वस्त्यांत घरचा फराळ विकला जायचा तो तोंडओळखीने: हळदीकुंकवात, गणपतीच्या मंडपात, शेजारणीच्या शब्दावर. जानेवारी 2018 मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे धंद्यासाठीचे वेगळे अ‍ॅप आले आणि त्याच ओळखीला वही मिळाली. धंद्याचा नंबर वेगळा ठेवता येतो, ‘पैसे आले’, ‘पार्सल बाकी’ अशी लेबले लावता येतात, कॅटलॉगमध्ये वजन आणि भाव मांडता येतो. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या, एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर जतन केला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो. म्हणून डबा देतानाच ‘ताई, नंबर सेव्ह करून घ्या’ असे सांगणे हे जाहिरातीवर खर्च करण्याआधीचे काम.

फोटोच्या बाबतीत घरच्या स्वयंपाकघरासारखी जागा नाही. सकाळी खिडकीजवळ स्टीलचे ताट, त्यात चार अख्ख्या चकल्या आणि एक मोडलेली. मोडलेल्या चकलीची जाळी दिसली की खुसखुशीत हा शब्द लिहावा लागत नाही. इन्स्टाग्रामवर रील्स, म्हणजे छोटे व्हिडिओ, भारतात जुलै 2020 मध्ये आल्या, तेव्हापासून आवाजही विकला जातो. सोऱ्यातून पडलेली चकली तेलात तडतडते, हळूहळू बुडबुडे ओसरतात, झाऱ्याने ती वर येते. वीस सेकंदांत एवढे दाखवले तरी पुरे. त्यावर सिनेमाचे गाणे चढवून ती तडतड बुजवू नये.

पोस्टमध्ये भाव, वजन, ऑर्डरची शेवटची तारीख आणि कुठल्या भागात घरपोच मिळेल हे स्पष्ट असावे. ‘भाव मेसेजवर’ असे लिहिणाऱ्याकडून गिऱ्हाईक निसटते, कारण विचारायचा संकोच आपल्याकडे फार. भाषेचाही विचार हवा. यादीतल्या मराठी घरांना ‘भाजणी’ म्हटले की कळते. उघड्या पोस्टवर मात्र हिंदीत कोणकोणती धान्ये भाजून दळली आणि त्याचे थालीपीठ कसे लावायचे, हे दोन ओळींत सांगितले तर शेजारची मारवाडी, गुजराती कुटुंबेही मागवतात. पुण्याला गेलेल्या लेकीसाठी पार्सल मागणारे आईवडील हेही एक पक्के गिऱ्हाईक. त्यांना पॅकिंगचा फोटो आणि कुरिअरची पावती पाठवली की जीव भांड्यात पडतो.

तक्रारीचे उत्तर त्याच दिवशी आणि जिथे तक्रार आली तिथेच द्यावे. चिवडा मऊ पडला असे कुणी खाली लिहिले तर ती ओळ पुसू नये. बदलून देतो असे लिहावे आणि खरोखर बदलून द्यावा. इतर वाचणारे नेमके हेच बघत असतात.

पैसे भरून केलेली जाहिरात आपण जिथवर माल पोहोचवू शकतो तेवढ्याच भागापुरती ठेवावी. एखाद्या फूड ब्लॉगरला पैसे किंवा फुकट माल दिला असेल, तर ती जाहिरात असल्याचे त्याने सांगणे आवश्यक आहे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्याला एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. तिचा 14 अंकी क्रमांक पाकिटावर असतोच, तो प्रोफाइलवरही लिहावा. दिवाळीच्या आठवड्यात हाताला जेवढे झेपेल तेवढी ऑर्डर झाली की स्टेटसवर ‘अनारसे संपले, चकली दोन किलो शिल्लक’ असे टाकतात आणि ऑर्डरची यादी बंद करतात.