हेडफोन जॅक

मोबाइल, रेडिओ, संगणक यांतून ध्वनीचा विद्युत्-संकेत इअरफोनला पुरवणारे ३.५ मिमी व्यासाचे गोल छिद्र. बोलताना छिद्राला आणि त्यात बसणाऱ्या पिनेला, दोन्हींना जॅकच म्हणतात. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. तेथे ऑपरेटर पाव इंची (६.३५ मिमी) पिना खोचून ग्राहकांच्या लाइनी जोडून देत, इलेक्ट्रिक गिटारला आजही तोच आकार लागतो. ३.५ मिमीची धाकटी पिन ट्रान्झिस्टर रेडिओबरोबर रुळली आणि १९७९ च्या सोनी वॉकमननंतर घरोघरी पोहोचली.

पिनेवरच्या बारीक पट्ट्या नक्षीसाठी नसतात; त्या धातूचे भाग एकमेकांपासून विलग ठेवतात. टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे, बुडाचा भाग दोघांचा सामाईक. माइक असेल तर आणखी एक कडे. चार्जिंग नाही, पेअरिंग नाही, आणि एका कंपनीचा इअरफोन दुसऱ्या कंपनीच्या फोनला सहसा बिनतक्रार चालतो.

ओप्पोने २०१२ मध्येच ‘फाइंडर’ हा सडपातळ फोन जॅकविना काढला होता. गाजावाजा मात्र झाला सप्टेंबर २०१६ मध्ये, ॲपलच्या आयफोन ७ मुळे. ॲपलचे तेव्हाचे विपणनप्रमुख फिल शिलर यांनी मंचावरून या निर्णयाला ‘धैर्य’ म्हटले आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. आतली जागा वाचते, हे कारण खोटे नव्हते. पण त्याच कार्यक्रमात ॲपलचे एअरपॉड्स हे बिनतारी इअरफोनही सादर झाले. छिद्र बुजवणारा आणि त्यावरचा उपाय विकणारा एकच! जाहिरातींतून ॲपलला चिमटे काढणाऱ्या सॅमसंगने २०१९ च्या नोट १० मधून स्वतःही जॅक काढला. सोनीने २०१८ च्या एक्सपीरिया एक्सझेड२ मधून तो वगळला, पण २०२० च्या एक्सपीरिया १ मार्क २ मध्ये परत बसवला.

ब्लूटूथमध्ये डिजिटल (आकड्यांतल्या) संकेताचे ॲनालॉगमध्ये (सलग विद्युत्-लहरीत) रूपांतर फोनऐवजी कानातल्या यंत्रात होते. त्याआधी ध्वनी आकुंचित करून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून पाठवावा लागतो. त्यात वेळ जातो, म्हणून गेम खेळताना गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो. शिवाय इवल्याशा बॅटऱ्या काही वर्षांत थकतात आणि बहुतेक इअरबड्समध्ये त्या बदलता येत नाहीत.

भारतात या बदलाचा फटका एफएमलाही बसला, कारण फोनमधल्या रेडिओला इअरफोनची वायरच अँटेना म्हणून उपयोगी पडत असे. फोनमध्ये एफएमची सोय असेल तर ती बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये उत्पादकांना केली.