डायनर

डायनर : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, मुख्यतः ईशान्येकडील राज्यांतील, उपाहारगृहाचा एक प्रकार. लांबट व अरुंद घडण, लांबीभर गेलेला काउंटर, त्यापुढील स्टुले आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत चालणारा स्वयंपाक ही त्याची लक्षणे होत. व्यवहारात कोणत्याही साध्या, उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या उपाहारगृहाला हे नाव देतात. अभ्यासक मात्र कारखान्यात तयार होऊन जागेवर आणून बसवलेल्या वास्तूलाच डायनर म्हणणे पसंत करतात. येथे हाच काटेकोर अर्थ घेतला आहे, कारण डायनरमधील स्वयंपाकाची रीतही या घडणीतूनच ठरली.

उगम : मोडीत काढलेल्या रेल्वेच्या भोजनडब्यापासून डायनर झाले, ही समजूत फार रूढ असली तरी तिला आधार थोडा आहे. बहुतेक अभ्यासक या प्रकाराचे मूळ ‘लंच वॅगन’ या घोडागाडीत शोधतात. ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे वॉल्टर स्कॉट हे १८५८ च्या सुमारास टोपलीतून खाद्यपदार्थ विकत असत. १८७२ मध्ये त्यांनी घोडागाडी घेतली आणि ‘प्रॉव्हिडन्स जर्नल’ या वृत्तपत्राच्या कचेरीजवळ ती उभी करून रात्रपाळीच्या लोकांना ते खिडकीतून सँडविच, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि कॉफी देऊ लागले. गिऱ्हाईक मात्र बाहेर, पावसाथंडीत उभे असे. त्याला आत घेणारी गाडी सॅम्युएल जोन्स यांनी मॅसॅचूसेट्समधील वुस्टर येथे साधारणतः १८८७ मध्ये आणली, आणि १८९१ मध्ये चार्ल्स पामर यांना लंच वॅगनच्या रचनेचे एकस्व (पेटंट) मिळाले.

रेल्वेची समजूत मात्र सर्वस्वी निराधार नाही. शहरांतील ट्राम विजेवर चालू लागल्यावर, १८९० नंतर, घोड्यांच्या ट्रामचे जुने डबे स्वस्तात विकले गेले व त्यांपैकी काहींत खाणावळी निघाल्या. पुढे, बहुधा १९२० च्या दशकात, उत्पादकांनी लंच वॅगनपासून झालेल्या या वास्तूंच्या ‘लंच कार’ या नावाऐवजी ‘डायनिंग कार’ हे नाव पुढे केले. आगगाडीतील भोजनाची प्रतिष्ठा आपल्या मालाला मिळावी हा त्यामागील हेतू दिसतो. ‘डायनर’ हा त्याचाच संक्षेप. म्हणजे नाव रेल्वेचे आणि घडण घोडागाडीची, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

वुस्टर लंच कार कंपनीने १९०६ ते १९५७ या काळात साडेसहाशेच्या आसपास डायनर बांधले. न्यू जर्सीत जेरी ओमाहोनी यांचा कारखाना प्रसिद्ध होता. स्टरलिंग स्ट्रीमलायनर या निमुळत्या नाकाच्या नमुन्यातील, ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथील ‘मॉडर्न डायनर’ १९७८ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत दाखल झाले. तो मान मिळालेले ते पहिले डायनर होय.

बेकन : अरुंद जागेत एका माणसाला बसल्याजागी हात पोचेल एवढीच चूल मावत असल्याने सपाट लोखंडी तवा हे डायनरचे मुख्य साधन बनले, आणि त्यावर बेकन (डुकराच्या खारवलेल्या व धुरावलेल्या मांसाच्या पट्ट्या) फार सोयीचे ठरले. पट्ट्या तव्यावर मांडून वर जड लोखंडी दाब ठेवतात, म्हणजे त्या वळत नाहीत. सुटलेली चरबी कडेला ओढून तिच्यातच उकडलेले बटाटे व अंडी परततात. डायनरच्या न्याहारीची खरी चव या चरबीत आहे. लेट्यूस व टोमॅटो घालून केलेले बीएलटी सँडविचही याच तव्यावरचे.

अमेरिकी बेकन डुकराच्या पोटाकडील मांसाचे करतात. मीठ, साखर व सोडियम नायट्राइट यांचे द्रावण मांसात सुयांनी भरून नंतर ते हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाच्या धुरात ठेवतात. नायट्राइटपासून होणारा नायट्रिक ऑक्साइड स्नायूतील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशी जोडला जाऊन गुलाबी रंग टिकतो, तसेच बोट्युलिझम या घातक अन्नविषबाधेच्या जंतूंची वाढ रोखली जाते. परंतु कडक तळताना नायट्रोसामाइन ही अपायकारक द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणून अशा बेकनमध्ये नायट्राइटचे प्रमाण दशलक्ष भागांत १२० भाग ठरवून दिले आहे व त्याबरोबर अ‍ॅस्कॉर्बेट किंवा एरिथॉर्बेट हे त्या द्रव्यांची निर्मिती रोखणारे संयुग घालावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रियायुक्त मांस कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले.

बेकन-अंड्यांची न्याहारी जनसंपर्कतज्ज्ञ एडवर्ड बर्नेझ यांनी १९२० च्या दशकात बेकन विकणाऱ्या बीच-नट कंपनीसाठी केलेल्या प्रचारातून निर्माण झाली, असे म्हटले जाते. ही जोडी त्यापूर्वीही खाल्ली जात होती. प्रचाराने तिचा प्रसार वाढवला, एवढेच म्हणणे योग्य. १९२४ मध्ये ऑस्कर मायर कंपनीने कापलेले बेकन वेष्टनात आणल्याने पट्ट्या कापण्याचे काम वाचले.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टेनलेस स्टीलची, निऑन दिव्यांची डायनर महामार्गांवर पसरली. न्यूयॉर्क व न्यू जर्सीत त्यांतील अनेक ग्रीक स्थलांतरितांच्या कुटुंबांनी चालवली. झटपट खाद्यगृहांच्या साखळ्यांपुढे पुढे त्यांची संख्या घटली.