आयटीआयची सीबीटी परीक्षा: पात्रता, कागदपत्रे आणि गुणांचा हिशेब

आयटीआयची अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा केंद्राचे प्रशिक्षण महासंचालनालय, म्हणजे डीजीटी, घेते. तिचा लेखी भाग आता संगणकावर होतो, त्यालाच सगळे सीबीटी म्हणतात. प्रात्यक्षिक मात्र वर्कशॉपमध्येच होते. फिटरला दिलेला जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, कानस मारून मापात आणावाच लागतो, तिथे माऊसचा उपयोग नाही.

परीक्षेला कोण बसू शकतो?

पहिली अट ८० टक्के हजेरीची. मे महिन्यात हजेरी भरून काढता येत नाही, त्यामुळे दिवाळीपर्यंतच आपला आकडा निदेशकांना, म्हणजे शिकवणाऱ्या शिक्षकांना, विचारून ठेवा. दुसरी अट वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाची, आणि मुलं सर्वात जास्त दुर्लक्ष तिकडेच करतात.

एका वर्षाचे एकूण गुण ६००. त्यात प्रात्यक्षिकाला २५०, अंतर्गत मूल्यमापनाला २००, ट्रेड थिअरीला (आपल्या व्यवसायाच्या लेखी विषयाला) १०० आणि एम्प्लॉयबिलिटी स्किल्सला (नोकरीसाठी लागणाऱ्या कौशल्यांना) ५०. शेवटच्या दोन विषयांचे मिळून १५० गुण सीबीटीत असतात: ७५ प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ दोन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका.

आता पास होण्याच्या अटी बघा. संगणकावरच्या विषयांना ३३ टक्के पुरतात. प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाला मात्र ६० टक्के लागतात, म्हणजे २५० पैकी १५० आणि २०० पैकी १२०. हे १२० गुण रोजच्या जॉबमधून, जर्नलमधून, सुरक्षितता पाळण्यातून आणि मापाच्या अचूकतेतून जमतात. प्रत्येक जॉब तपासून झाला की नोंद झाली का, हे त्याच आठवड्यात बघा.

कागदपत्रे

दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, फोटो. यादी छोटी आहे, पण घोळ इथेच होतो. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात आणि आधारवर बहुधा शेवटी. प्रशिक्षणार्थींची नोंद असलेल्या ऑनलाइन पोर्टलवर नाव एका पद्धतीने, आधारवर दुसऱ्या पद्धतीने आणि त्यात वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असलं की पुढे रेल्वे किंवा महावितरणच्या अप्रेंटिस भरतीत कागदपत्रं जुळवताना त्रास होतो. प्रवेशानंतर प्रोफाइल दिसू लागताच नाव, जन्मतारीख, ट्रेड आणि फोटो तपासा. चूक असेल तर संस्थेकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. निकालानंतरची दुरुस्ती फार लांबते.

परीक्षेआधी

संस्थेच्या सूचनेप्रमाणे शुल्क भरा आणि हॉल तिकीट काढून घ्या. केंद्रावर त्यासोबत मूळ ओळखपत्र लागतं, मोबाइलमधला फोटो चालेल असं धरून जाऊ नका. केंद्र दुसऱ्या गावात असेल तर एसटीची वेळ आदल्या दिवशीच बघा.

सरावासाठी भारत स्किल्स संकेतस्थळावर ट्रेडनुसार प्रश्नसंच मोफत आहेत, आणि आयटीआयची पुस्तके तयार करणाऱ्या चेन्नईच्या निमी संस्थेच्या सराव चाचण्याही आहेत. ज्यांनी कधी संगणक हाताळलेला नाही, त्यांनी संस्थेच्या लॅबमध्ये निदान एक चाचणी पूर्ण दोन तास बसून द्यावी. उत्तर निवडणं, सेव्ह करणं, मागच्या प्रश्नावर परत जाणं एवढं हाताला बसलं तरी अर्धी भीती जाते. निदेशकांनीही ही लॅब परीक्षेच्या महिनाभर आधी मुलांसाठी उघडी ठेवावी, अशी कळकळीची विनंती.

पास झालेल्यांचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र डिजिटल स्वरूपात मिळतं. ते डाउनलोड केल्यावर आधी नावाची अक्षरं वाचा, मगच अप्रेंटिसच्या अर्जाला जोडा.